आमदार दिवसभर अंगणवाडीत बसले तर त्यांना काय दिसेल?

विधानसभेतल्या तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. समजा प्रश्न असा आहे: "नंदुरबार जिल्ह्यात कुपोषित बालकांच्या संख्येत वाढ झाली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तराचा साचाही तितकाच ओळखीचा: "हे अंशतः खरे आहे." पुढे आकडे येतात, योजनांची नावं येतात आणि शेवटी "प्रश्न उद्भवत नाही." उत्तर खोटं असतंच असं नाही. ते ज्या माहितीवर उभं असतं ती पाड्यावरून निघते आणि बीट (वीस-पंचवीस अंगणवाड्यांचा गट), प्रकल्प, जिल्हा परिषद, आयुक्तालय असे टप्पे चढत मंत्रालयात पोचते. प्रत्येक टप्प्यावर तिच्यातलं पोर, त्याची आई, तिथला रस्ता गळत जातो. वर पोचतो तो आकडा.

खान्देशातून विधानसभेत २० आमदार जातात. जळगावचे ११, धुळ्याचे ५, नंदुरबारचे ४, आणि नंदुरबारच्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. लोकसभेत नंदुरबार, धुळे, जळगाव आणि रावेर असे चार खासदार. या चोवीस जणांनी आपापल्या मतदारसंघात मुलांसाठी काम करणाऱ्या माणसासोबत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक अख्खा दिवस काढला, तर सभागृहात ते वेगळा प्रश्न विचारतील, असं मला मनापासून वाटतं. त्या दिवसात त्यांना काय दिसेल आणि त्याचं पुढे काय करता येईल, ते इथे सोप्या भाषेत सांगतो.

दोन वाटा, आणि दोन्हींच्या टोकाला एकच बाई

सरकारात बालकल्याणाचं काम दोन वेगळ्या वाटांनी चालतं. पुढाऱ्यांना त्यातली बहुधा एकच ठाऊक असते.

पहिली वाट पोषणाची. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्यातूनच गावोगावच्या अंगणवाड्या आल्या. गावात सेविका आणि मदतनीस, वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर एक पर्यवेक्षिका, प्रकल्पाला बालविकास प्रकल्प अधिकारी म्हणजे सीडीपीओ, जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याणचे डेप्युटी सीईओ आणि सगळ्यांच्या वर नवी मुंबईतलं आयुक्तालय, अशी ही उतरंड आहे.

दुसरी वाट संरक्षणाची. आईबाप नसलेलं, घरातून पळालेलं, मारहाण किंवा अत्याचार झालेलं, कामाला जुंपलेलं मूल या वाटेवर येतं. इथे २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो. जिल्ह्याला बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहं आणि १०९८ ही हेल्पलाइन असते. वरचं आयुक्तालय वेगळं, ते पुण्यात.

खातं एक, मंत्री एक, पण वाटा दोन. गावात मात्र त्या एकाच दारात येऊन मिळतात. ग्राम बाल संरक्षण समितीचा अध्यक्ष सरपंच असतो आणि सदस्य सचिव असते अंगणवाडी सेविका. म्हणजे बाळाचं वजन करणारी तीच, आणि गावात बालविवाह ठरतोय अशी कुजबुज कानावर आली की कागद हलवायचा तोही तिनेच. तिच्यासोबत एक दिवस काढला की दोन्ही वाटा दिसतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

एक सेंटिमीटर

मोजमापाच्या दिवशी जावं. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मी असा दिवस पाहिला आहे. दोन वर्षांखालच्या मुलाची उंची उभं करून घेत नाहीत, त्याला पाटीवर आडवं निजवून लांबी मोजतात. डोकं वरच्या फळीला टेकलेलं हवं, गुडघे सरळ हवेत, आणि खालची सरकती फळी तळपायांना लागलेली हवी. याला दोन माणसं लागतात. सेविकेने डोकं धरलं होतं, मदतनीस गुडघे दाबत होती, आणि पोर जिवाच्या आकांताने रडत धनुष्यासारखं वाकत होतं. आई बाजूला उकिडवी बसून पावरी बोलीत त्याची समजूत काढत होती. तीन वेळा फळी सरकवली आणि तीनदा आकडा वेगळा आला.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? मूल लांबीच्या मानाने किती हडकलेलं आहे, यावर त्याची वर्गवारी ठरते. सगळे जिला 'सॅम' म्हणतात ती अतितीव्र कुपोषणाची श्रेणी, आणि 'मॅम' ही मध्यम तीव्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ७५ सेंटिमीटर लांबीच्या मुलग्याला सॅमची रेषा साडेसात किलोवर आहे. ७४ सेंटिमीटरला ती ७.३ किलोवर येते. आता ७.४ किलोचं पोर घ्या. लांबी ७५ भरली तर ते सॅम, ७४ भरली तर मॅम. सॅम ठरलं तर उपचाराची पूर्ण साखळी हलायला हवी. मॅम ठरलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. रडणाऱ्या पोराचे वाकलेले गुडघे एका सेंटिमीटरने त्याची वाट बदलू शकतात. पडताळणीला दुसरं साधन आहे ते दंडघेर पट्टीचं. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, त्यापुढे हिरवा. दोन्ही मोजमापं नीट घ्यायला वेळ लागतो, शांतपणा लागतो आणि चालू स्थितीतला काटा लागतो.

आमदारांनी इथे स्वतः फळी धरावी, असं मी म्हणेन. एका पोराचं मोजमाप स्वतः केलं की जिल्ह्याची सॅम-मॅमची यादी हातात आल्यावर ती कशी वाचायची ते कळतं. एखाद्या तालुक्याची सॅम संख्या एका महिन्यात अचानक निम्मी झाली तर आनंद मानायच्या आधी काटे बदलले का, मोजणारी माणसं बदलली का, की निम्मी मुलं ऊसतोडीला गुजरातेत गेली, हे विचारायचं सुचतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. नंदुरबारमध्ये हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची जवळपास ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, आणि २०१८ पासून तो केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. हे सगळं सभागृहात अनेकदा बोलून झालंय. त्या आकड्याच्या आत काय चालतं, ते बोललं जात नाही.

सॅम ठरल्यावर पुढे काय

सॅम मुलाची आधी भूक तपासतात. खायला दिलेलं ते आवडीने खात असेल आणि ताप, सूज, जुलाब असं काही नसेल, तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे व्हीसीडीसीत, दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खाऊ घालून त्याला वर आणता येतं. भूक मेलेली असेल किंवा सोबत आजार असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात, एनआरसीत, साधारण १४ दिवस ठेवतात.

कागदावर हे सुरेख बसतं. पण १४ दिवस म्हणजे आईचे १४ दिवस. घरी आणखी दोन-तीन लेकरं असतात, शेळ्या असतात, सासू शेतात असते आणि नवरा बाहेरगावी. तिची मजुरी बुडते म्हणून सरकार बुडीत मजुरी देतं. ही तरतूद शहाणपणाची आहे आणि ती मूळ अडचण ओळखून केलेली आहे. पण ती हातात कधी पडते, यावर आई १४ दिवस थांबते की चौथ्या दिवशी पोर कडेवर मारून घाट चढते, ते ठरतं. रजिस्टरात अशा आईपुढे लिहितात, 'स्वेच्छेने गेली'. एनआरसीच्या खाटेशेजारी अर्धा तास बसून त्या आईला "घरी कोण आहे?" एवढंच विचारलं तरी त्या शेऱ्यामागे काय असतं ते समजेल.

पूरक आहाराच्या पैशांचंही असंच. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे अंगणवाडीतल्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. २०१७ मध्ये त्यासाठी दर ठरला तो माणशी दिवसाला ८ रुपये, अतितीव्र कुपोषित मुलाला १२ आणि गरोदर व स्तनदा मातेला साडेनऊ. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बहुतेक ठिकाणी बचत गट गरम ताजा आहार शिजवून देतो, धाकट्यांना आणि मातांना घरी नेण्याचं पाकीट, म्हणजे टीएचआर. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना त्यात एक वेळचं चौरस जेवण मिळतं. पुढे मुलांना अंडी किंवा केळीही आली. ही योजना आदिवासी विकास विभागाच्या पैशावर चालते, पण राबते ती अंगणवाडीत. विभाग दोन, ताट एक. पैसे यायला उशीर झाला की किराणा दुकानातली उधारी सेविकेच्या नावावर चढते, कारण गावात ओळख तिची असते, विभागाची नसते. आमदारांनी त्या दुकानदाराची वहीही बघून घ्यावी.

सेविकेचा दिवस जातो कुठे?

मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. रोजची हजेरी, वजनं, गृहभेटी, आहारवाटप, सगळं त्यात भरायचं. त्याच वर्षी राज्यभरातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन हलक्या दर्जाचे होते, सारखे अडकायचे, आणि ॲपची भाषा इंग्रजी होती. बातम्यांत ते आंदोलन म्हणून आलं. माझ्या मते ती कामाच्या हत्याराबद्दलची साधी, रास्त तक्रार होती. २०२५ पासून टीएचआर देताना लाभार्थीचा चेहरा ॲपने ओळखण्याची अट आली. त्याच्या आधी आधारची पडताळणी लागते, म्हणजे ओटीपी आला. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा गुजरातेत उसाच्या फडात, आणि इथे आई पाकिटासाठी दारात उभी. शिंदखेड्याकडच्या एका सेविकेने मला अहिराणीत सांगितलं, "भाऊ, आते ते रेंजच नई शे. मी पोरंस्ना तोंडकडे देखू का मोबाईलना?" हे गाव सपाटीवरचं आहे. सातपुड्याच्या आत, तोरणमाळकडच्या किंवा नर्मदाकाठच्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते.

पुनरावृत्ती थांबावी, चोरी थांबावी, म्हणून या अटी आणल्या जातात आणि तो हेतू चुकीचा नाही. पण प्रत्येक अटीमागे दहा-पंधरा मिनिटं सेविकेच्या दिवसातून जातात, आणि तेवढीच मिनिटं त्या लांबीच्या पाटीवरच्या पोराची असतात. याच्या जोडीला निवडणुकीचं बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम अनेकींकडे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घ्यायचं कामही त्यांच्याकडे आलं, अर्जामागे ५० रुपये जाहीर करून. त्या पावसाळ्यात गृहभेटी किती झाल्या, हे कोणी सभागृहात विचारलं पाहिजे होतं.

मानधनाबद्दल थोडक्यात. केंद्राच्या हिशेबात सेविकेचं मानधन २०१८ पासून ४,५०० रुपयांवर थांबलेलं आहे. राज्य आपली भर घालतं. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ संपानंतर, २०२४ च्या शरदात, राज्याने सेविकेला १३,००० आणि मदतनिसाला ७,५०० रुपये देण्याचा निर्णय घेतला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं म्हटलं. तरी त्या आजही कर्मचारी नाहीत, 'मानधनी' आहेत.

चोवीस तासांची अट आणि चांदसैलीचा घाट

आता दुसरी वाट. बाल न्याय कायद्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत ते बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं असतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यात किमान एक स्त्री हवी. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि महिन्यातून किमान २० दिवस तिने बसायचं असतं.

भुसावळ जंक्शनचं उदाहरण घ्या. उत्तरेकडून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या इथून जातात. घर सोडून निघालेली, कामासाठी नेली जाणारी मुलं रेल्वे पोलिसांना इथे सापडतात. स्टेशन ते जळगाव हा रस्ता सोपा आहे, २४ तास पाळता येतात. तीच अट नर्मदाकाठच्या मणिबेलीकडून पाळायची म्हटलं तर आधी बोट, मग जीप, मग घाट. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तळोद्याची वाट बंद. कायद्याने प्रवासाचा वेळ वगळला आहे, हे बरं झालं. पण तो वेळ मूल कुठे काढतं? पोलीस ठाण्याच्या बाकावर, की कुणाच्या घरी? सोबत बाई असते का? गाडीचं डिझेल कोण भरतं? जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते असतात, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून पगार घेणारे. त्यांच्यासोबत एका मुलाच्या मागे जिल्ह्याच्या ठिकाणापासून पाड्यापर्यंत जाऊन बघावं. त्या मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल तेच लिहितात. शेजारी काय म्हणतात, काका खरंच सांभाळेल का, शाळेत नाव आहे का, रात्री मूल झोपतं कुठे. समितीचा निर्णय बऱ्याच अंशी त्या तीन-चार पानांवर उभा असतो. घाईत, एका भेटीत लिहिलेला अहवाल आणि तीन भेटींनंतर लिहिलेला अहवाल यांत मुलाचं आयुष्य वेगळं निघतं.

आईबाप नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलाला बालगृहात न पाठवता नात्यात ठेवता यावं, म्हणून राज्यात बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम महिन्याला २,२५० रुपये झाली. मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये आहेत. आजी मोलमजुरी करून नातवंडं सांभाळत असेल, तर ही रक्कम म्हणजे बालगृह आणि घर यांतला फरक ठरते. म्हणून ती दर महिन्याला येते की वर्षातून एकदा गोळा होऊन येते, हा तपशील क्षुल्लक नाही.

जिथे तीन कायदे एका मुलीवर येऊन आदळतात

कायदे करणाऱ्यांनी स्वतः बघायला हवं अशी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन.

सोळा वर्षांची मुलगी. घरच्यांनी लग्न लावलंय, किंवा ती मुलासोबत गेली आणि मागाहून दोन्ही घरांनी मान्य केलं. चौथा महिना चालू आहे. सेविकेला हे कळतं, कारण गावात कोणाला उलट्या होतात हे तिला पहिल्यांदा कळतं. तिने नोंद केली तर मुलीला टीएचआर, लोहाच्या गोळ्या, तपासण्या, दवाखान्यातली प्रसूती हे सगळं मिळू शकतं. पण नोंदीत वय येतं.

वय आलं की २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा लागू होतो. गावपातळीवर त्याचा अधिकारी ग्रामसेवक. लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्याच वेळी २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा, कायदा येतो. त्यात १८ खालच्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नी १८ खालची असेल तर नवऱ्यालाही सूट नाही असा निकाल दिला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कायम आहे. पोक्सोचं कलम १९ सांगतं की ज्याला माहिती आहे त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा. मग तिसरा कायदा अन्न सुरक्षेचा, जो म्हणतो की गरोदर स्त्रीला आहार मिळाला पाहिजे, तिचं वय कितीही असो.

सेविकेने प्रामाणिकपणे वय लिहिलं तर नवरा तुरुंगात जाऊ शकतो, सासरे-वडील आरोपी होऊ शकतात, आणि ज्या घरात तिला रोज जायचंय ते घर तिला तोडतं. पुढच्या वेळी अशा मुलीचं पोट कोणी तिला दिसूच देत नाही. वय १९ लिहिलं तर मुलीला गोळ्या मिळतात, पण सोळा वर्षांच्या शरीरातली जोखीम कागदावरून पुसली जाते आणि डॉक्टर तिला साधी केस समजतात. काहीच लिहिलं नाही, तर प्रसूती घरीच होते. कमी वजनाचं बाळ जन्मतं, आणि दीड वर्षाने तेच बाळ लांबीच्या पाटीवर रडत असतं. पोषणाचा प्रश्न आणि संरक्षणाचा प्रश्न हा असा एका पोटी जन्मतो.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक वाट थोडी मोकळी केली. संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर पोलिसांना द्यायच्या माहितीत तिचं नाव-ओळख उघड करणं डॉक्टरांवर बंधनकारक नाही. पण जिला बाळ हवंय, जी गर्भपाताला येणारच नाही, तिच्यासाठी अंगणवाडीच्या पातळीवर अशी वाट कुठे आहे?

बालविवाह चालू द्यावेत असं मी म्हणत नाही. उलट धुळे आणि जळगाव दोन्ही जिल्ह्यांत त्यांचं प्रमाण राज्याच्या २१.९ टक्क्यांच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, हे त्याच कुटुंब आरोग्य पाहणीतून दिसतं. ते थांबायलाच हवेत, लग्नाआधी. पण लग्न होऊन मुलगी गरोदर राहिल्यानंतर तिच्या आणि दवाखान्याच्या मध्ये पोलीस ठाणं उभं करायचं का, की आधी उपचार आणि मग चौकशी असा क्रम लिहून द्यायचा, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांचा आहे. तो आज ग्रॅच्युइटीसाठी कोर्टात जावं लागणारी बाई एकटी सोडवते आहे, रोज.

जायचं कसं?

जाहीर दौऱ्यात हे काही दिसत नाही. ताफा यायच्या आदल्या दिवशी भिंत रंगते, पोरांना नवे कपडे घातले जातात, पर्यवेक्षिका मॅडम आणि सीडीपीओ समोर उभे असताना सेविका "सगळं व्यवस्थित आहे साहेब" एवढंच बोलते. तिची काहीच चूक नाही त्यात. म्हणून एकटं जावं, फार तर भाषा जाणणारा एक माणूस सोबत. डोंगरात पावरी किंवा भिलोरी, सपाटीवर अहिराणी. महिला आमदार गेल्या तर आया मोकळ्या बोलतील, पण पुरुषाने जाऊच नये असं नाही. बसायचं, विचारायचं थोडं आणि बघायचं जास्त.

कॅमेरा नको. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि पोक्सोचं कलम २३ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतात. कलम ७४ मोडलं तर सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सॅम मुलाचा फोटो प्रत्येक वेळी या कलमांत बसेल असं नाही. तरीही हडकलेलं पोर कडेवर घेतलेला फोटो कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर फिरला की ती आई पुन्हा अंगणवाडीत पाऊल टाकणार नाही.

महिना विचार करून निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये जुलाब, ताप, बंद रस्ते आणि घरात संपत आलेलं धान्य हे सगळं एकत्र येतं. दिवाळीनंतर पाड्यांवरचं घर कुलूपबंद होतं, माणसं मुलाबाळांसह गुजरातेत जातात. होळीला ती परततात, आणि काठीच्या राजवाडी होळीच्या सुमारास पुन्हा मोजमाप घेतलं की सहा महिन्यांत काय झालं ते दिसतं. एकाच पाड्यावर या तीन वेळा गेलं तर बरंच उमगेल.

अमेरिकेतल्या काही राज्यांत लोकप्रतिनिधी बालकल्याणाच्या कार्यकर्त्यांसोबत गाडीत बसून घरभेटींना जातात. तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, २०१२ पासून उलटी प्रथाही आहे: पालनगृहात वाढलेले तरुण एक दिवस खासदारासोबत त्याच्या कार्यालयात काढतात. आपल्याकडे विधिमंडळाची महिला व बालहक्क कल्याण समिती आणि अनुसूचित जमाती कल्याण समिती जिल्ह्यांत दौरे करतात. त्यांचं काम गरजेचं आहे, पण त्या विश्रामगृहात अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतात. मी म्हणतोय तो दिवस त्याच्या आधीचा गृहपाठ.

परत आल्यावर

काय कोणाच्या हातात आहे हे आधी पाहावं. पोक्सो आणि बालविवाहाचा कायदा केंद्राचा, तिथे खासदार. आहाराचा ८ रुपयांचा दर आणि ४,५०० चं मानधन, तेही दिल्लीत. बाल न्यायाचे राज्याचे नियम २०१८ चे आहेत, ते मुंबईत बदलतात. रिक्त पदं, कंत्राटी पगार, काटे, गाडीचं डिझेल, बुडीत मजुरीचे दिवस, हे सगळं आमदाराच्या टप्प्यात येतं, पुरवणी मागण्यांच्या चर्चेत आणि जिल्हा नियोजन समितीत.

आणि प्रश्न असा लिहावा: अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील पोषण पुनर्वसन केंद्रांतून गेल्या वर्षी १४ दिवसांआधी घरी परतलेल्या मातांची संख्या किती? त्यांपैकी कितींना बुडीत मजुरी केंद्रात असतानाच मिळाली? सर्वांत उशिरा मिळालेली रक्कम किती दिवसांनी मिळाली? याला "अंशतः खरे आहे" असं उत्तर देता येत नाही, आकडा आणि तारीख द्यावीच लागते. समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना. मंत्र्यांनी सभागृहात "तीन महिन्यांत करू" म्हटलं की ते आश्वासन समितीकडे नोंदलं जातं आणि पूर्ण होईपर्यंत तिथून त्याचा पाठपुरावा करता येतो. हे हत्यार आपल्या आमदारांनी जास्त वापरायला हवं.

आलेल्या उत्तराची एक प्रत आमदारांच्या स्वीय सहायकाने त्या सेविकेला आणि बाल कल्याण समितीला पोस्टाने पाठवावी. तिने सांगितलेली अडचण सभागृहात गेली का आणि त्यावर मंत्री काय म्हणाले, हे तिला आजवर कोणी कळवत नव्हतं.